मग झालं का लगीन?

आमचे तात्या, म्हणजे सख्खे चुलते, तासगावच्या बाजूला राहतात. द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड, दोन म्हशी आणि रात्री नऊनंतर मोबाईल. मार्चमध्ये मी गेलो तेव्हा शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत पडली होती आणि तात्या खाटेवर बसून मोबाईल पुन्हा पुन्हा मागं ओढून बघत होते.

"ह्या पिच्चरचा शेवट कुणी कापलाय काय रं?"

कापलेला नव्हता. गावाकडचा विनोदी सिनेमा होता. पोरगं पोरगीसाठी झुरतंय, तिच्या दारावरनं उगीचच मोटरसायकल फिरवतंय, सल्ले देणारे दोस्त त्याला आणखी खड्ड्यात घालतायत. दोन तास तात्या पोट धरून हसले होते. शेवटी पोरगी एसटीच्या खिडकीतून नुसती बघते आणि पडदा काळा होतो. तात्यांचं म्हणणं, दोन तास हसवलं, जीव गुंतवला आणि हिशोब न देता पळाले की हे.

"मग झालं का लगीन?"

असल्या सिनेमांनंतर हा प्रश्न मी थेटराच्या पायऱ्यांवर ऐकलाय, चहाच्या टपरीवर ऐकलाय, शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकलाय. त्यात हसण्यासारखं काही नाही, प्रश्न रास्त आहे. फक्त तो बऱ्याचदा चुकीच्या जागी विचारला जातो. त्या रात्री तात्यांना जे सांगितलं तेच इथं जरा नीट मांडतोय. तो सिनेमा कोणता ते राहू द्या, ज्यांना बघायचाय त्यांचा विरस नको. समजावून सांगण्यासाठी मी एक सिनेमा मनानंच रचला. तो कुठंही लागलेला नाही, लागणारही नाही.

गोष्ट अशी. तासगाव तालुक्यातलं एक गाव. आपला गडी तीस वर्षांचा, चार एकर द्राक्षबाग, आई, आणि पारावर बसणारे सहा दोस्त. गड्याला धरून सात, सातही बिनलग्नाचे. ऑक्टोबरात फळछाटणी होते आणि त्यानंतरचे चाळीस-पन्नास दिवस बागेला जिवावरचे. नेमकं त्याच दिवसांत तुळशीचं लग्न लागतं आणि माणसांच्या लग्नांचा हंगाम उघडतो. त्यामुळं आपला गडी पोरगी बघायला बसलेला असतो पाहुण्यांच्या सोप्यात आणि नजर असते दारातनं दिसणाऱ्या आभाळावर. ढग आले की दावण्या रोग येणार, दावण्या आला की बाग जाणार. पोरीच्या मामाला वाटतं, पोराचं लक्ष नाही. पहिलं स्थळ असंच मोडतं.

दुसऱ्या घरी "शेती करतो" म्हटल्यावर पोह्यांची बशी अर्धी असतानाच माणसं आत निघून जातात. तिसऱ्या घरापासून गडी खोटं बोलायला लागतो. कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या दोस्ताचं ओळखपत्र गळ्यात अडकवतो, फोटोची बाजू छातीकडं करून. पंख्याच्या वाऱ्यानं ते नको तेव्हा उलटतं. पण खरी पंचाईत असते हातांची. बागेला बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं औषध, मारून मारून मोरचुदानं नखं निळी पडलेली. कंपनीत खुर्चीवर बसणाऱ्याची नखं निळी कशी? म्हणून प्रत्येक घरात गडी बशी अशी धरतो की बोटं खाली लपतील. मग पोहे खायचे कसे? एका घरी तो उपास आहे म्हणतो, दुसरीकडं दाढ दुखते म्हणतो, आणखी एका घरी पोरीची आजी त्याला चमच्यानं भरवायला उठते.

आता पोरगी. मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करते, पगार घरी देते, आणि आठवड्याला एकदा तिला कुणीतरी बघायला येतं. तिच्यामागं विट्याकडचं एक तालेवार स्थळ आहे. गलाईवाल्याचा मुलगा, बापानं कोइमतूरला सोनं-चांदी गाळायचं दुकान टाकलेलं. गड्यानं तिला मिरजेच्या स्टँडवर पाहिलेलं असतं आणि तेव्हापासून त्याचं काही खरं नसतं. औषधाचं प्रमाण चुकतं, पंप चालू ठेवून माणूस बांधावर बसून राहतो. तिच्या घरी तो जातो तेव्हा ओळखपत्र उलटतं, सगळं उघडं पडतं, मामा त्याला हाकलतात. इथं मध्यंतर.

शेवटचा प्रसंग सांगतो. दुपार. गड्याच्या घरापुढं रिक्षा थांबते. पोरगी आणि तिची मावशी उतरतात. पोरगी म्हणते, "मी बघायला आलीय." आई गांगरते, आत-बाहेर करते. चहाचा ट्रे घेऊन गडीच बाहेर येतो. दोन्ही हात ट्रेला, त्यामुळं लपवता येत नाहीत. निळी नखं उन्हात. ती हातांकडं बघते.

"आज फवारणी केली?"

"सकाळीच. खालच्या अंगाला दावण्या आलाय. निम्मी बाग जाईल असं वाटतंय."

कॅमेरा कपबशीवर. चहावर साय धरायला लागते. बाहेर म्हैस ओरडते. संपलं.

तात्या म्हणाले, "मग झालं का लगीन?"

आता इथं थांबू, कारण सगळी मेख इथंच आहे. कुठलाही गोष्टीचा सिनेमा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत आपल्या हातात एक प्रश्न देतो. आपल्या सिनेमाचा प्रश्न, या गड्याला बायको मिळणार का? तिकीट काढून आपण त्या प्रश्नाच्या उत्तराची वाट बघत बसतो. बेताचा सिनेमा त्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि आपल्याला घरी पाठवतो. बरा सिनेमा मात्र मधेच कुठंतरी, आपण हसण्यात गुंतलेलो असताना, हातातला प्रश्न हळूच काढून घेतो आणि दुसरा ठेवतो. आपल्या गोष्टीत ते तिसऱ्या घरी झालं. गड्यानं गळ्यात दुसऱ्याचं ओळखपत्र घातलं त्या क्षणी प्रश्न बदलला. आता बायको मिळणार का हा प्रश्न राहिला नाही. हा गडी स्वतःचे हात लपवायचे कधी थांबवणार, हा प्रश्न झाला.

त्याचं उत्तर शेवटी मिळालं की नाही? ढळढळीत मिळालं. भर दुपारी, ट्रेवर ठेवून. बाग चांगली आहे असं सांगायची संधी असताना, पोरगी घरी चालून आली असताना, गडी म्हणाला निम्मी जाईल. सिनेमा तिथं पूर्ण झाला. ज्याच्या मुठीत अजून पहिलाच प्रश्न आहे त्याला मात्र वाटणार, शेवट कापला.

तात्यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, पूर्वी असलं काही नव्हतं, हे बाहेरच्या देशातलं बघून आपल्या पोरांनी शिकलेलं खूळ आहे. इथं मला जरा जोर चढला, कारण सांगली-साताऱ्याच्या मातीत दोन्ही तऱ्हेचे शेवट मुळापासून आहेत आणि ते कुणी आयात केलेले नाहीत.

पक्क्या शेवटाचं घराणं तर सांगलीचंच. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेबांपुढं 'सीता स्वयंवर' केलं. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन पाळतात तो त्याच प्रयोगाच्या आठवणीनं. म्हणजे आपल्या रंगभूमीची सुरुवातच एका लग्नाच्या गोष्टीनं झाली. या गोष्टीची घडण बघा. सुरुवातीला पण लावला जातो, धनुष्य जो सज्ज करील त्याला सीता. मग एकेक राजा येतो, दंड थोपटतो, फजित होतो. रावणाची फजिती हा आजही हमखास हशाचा प्रसंग. मग राम येतो, धनुष्य मोडतं, माळ पडते. प्रश्न एक, उत्तर एक, शंकेला जागा नाही. नंतरच्या शंभर ग्रामीण विनोदी सिनेमांची हीच घडण आहे. धनुष्याच्या जागी पाटलाचा पैज लावलेला बैल असतो, नाहीतर कुस्तीचं मैदान असतं. रावणाच्या जागी सावकाराचं पोरगं. शेवटी वरात.

या वरातीला नावं ठेवू नयेत. विनोदी गोष्ट लग्नावर संपते ती केवळ दोघं एकत्र आली म्हणून नाही. लग्न हा गावाचा कार्यक्रम असतो. दोन तास जी माणसं एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होती ती एका पंगतीला बसतात. खलनायकालाही फेटा बांधतात, त्याच्या पानातही जिलबी पडते. प्रेक्षकाला वाटतं, आपणही अक्षता टाकून आलो. असा शेवट जमला की छाती भरून येते, आणि तो जमवणं सोपं नसतं.

फक्त त्यात एक गंमत आहे. शब्द स्वयंवर, पण निवड केली धनुष्यानं. सीतेला कुणी विचारलं नाही. आपल्या रचलेल्या सिनेमात पोरगी रिक्षातनं उतरून "मी बघायला आलीय" म्हणते ना, शब्दाचा अर्थ धरला तर स्वयंवर ते.

सांगलीला खेटून हरिपूर आहे, कृष्णा-वारणेचा संगम जिथं होतो ते. तिथले गोविंद बल्लाळ देवल. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९चं. पैशाच्या जोरावर एक म्हातारा कोवळ्या पोरीशी बोहल्यावर उभा राहतो आणि ऐनवेळी लग्न मोडतं. हा शेवटाचा आणखी एक प्रकार, चुकीचं लग्न थांबवून बरोबर लावायचं. नाटक अजून अंगावर येतं. पण लग्न मोडतं कशामुळं? वर आणि वधू सगोत्र निघतात म्हणून. पोरगी नको म्हणाली म्हणून नव्हे. देवलांना ते कळत नव्हतं असं नाही. त्या काळच्या मांडवात पोरीच्या नकाराला वजनच नव्हतं, गोत्राला होतं, म्हणून त्यांनी वजनदार दगड उचलला. (जाता जाता, बालविवाहाविरुद्धचा १९२९चा शारदा कायदा या नाटकावरून आला असं पुष्कळ जण सांगतात. तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून आहे. नावं जुळली एवढंच.)

आता दुसरं घराणं. तमाशाला बसलेल्या माणसाला क्रम पाठ असतो. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, मग वग. वगाला राजा, प्रधान, कपट, न्याय, सगळं लागतं आणि तो शेवटी गाठ बांधतो. गौळण बांधत नाही. गौळणी दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, पुढं मावशी, जी अर्थातच मिशा काढलेला बाप्या. कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात. दाण, म्हणजे वाटेची जकात, मागतात. टोलवाटोलवी होते, शब्दाला शब्द लागतो, हशा पिकतो. शेवटी वाट सुटते आणि गौळणी जातात. लग्न? कुणी विचारतसुद्धा नाही. उद्या पुन्हा बाजार आहे, पुन्हा वाट अडणार आहे. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांनी आयुष्य घातलं ते या फडांवर. त्यांच्या काळापासून आजच्या जत्रेपर्यंत एकाही माणसानं गौळण संपल्यावर तंबूत उठून "मग पुढं काय झालं" असं ओरडल्याचं मी ऐकलेलं नाही.

हे तात्यांना लागलं. तमाशाचं नाव काढलं की ते सावरून बसतात.

मग खंडोबा. सातारा जिल्ह्यात उंब्रजजवळ पाल आहे. तिथं दर पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, भंडारा उधळून रस्ते पिवळे होतात. दर वर्षी तेच लग्न, तीच गर्दी. पण जागरणाला बसलं की वाघ्या-मुरळी रंगात येतात ते म्हाळसेच्या लग्नात नाही, बाणूच्या गोष्टीत. गोष्टीची रूपं गावोगाव वेगळी. ढोबळ सांगायचं तर देव सारीपाटात हरतो, घर सोडतो आणि धनगराच्या बाणूवर जीव जडल्यानं तिच्याकडं चाकर होऊन मेंढरं राखतो. देव, आणि लेंड्या गोळा करतोय. मागणी आणि झुरणं या विषयावर याहून फर्मास ग्रामीण विनोदी गोष्ट मला माहीत नाही. आणि तिचा शेवट? लग्न होतं, पण तिथं संपत नाही. बाणूला घेऊन देव घरी येतो आणि म्हाळसा-बाणाईचं भांडण सुरू होतं, ते अजून चालू आहे. जेजुरीच्या गडावर देवाशेजारी म्हाळसा, आणि चढाच्या अर्ध्या वाटेवर बाणाई. भक्त दोघींना हात जोडून पुढं जातात. न मिटलेला शेवट दगडात बांधून ठेवलाय आपण.

मागणी घालणं आणि झुरणं यांत एक बारीक फरक आहे, तो ध्यानात आला तर हे सगळं सुटतं. मागणी ही कृती आहे. बघायला जाणं, होकार, याद्या, सुपारी, हळद, अक्षता. तिला पायऱ्या आहेत, म्हणून तिला शेवटची पायरी आहे. झुरणं ही कृती नव्हे, ती वाट बघणं आहे. वाट बघण्याला पायऱ्या नसतात. माणूस येतो किंवा येत नाही, नाहीतर येतो तेव्हा झुरणाराच बदललेला असतो. त्यामुळं सिनेमात मागणी जास्त असेल तर वरात शोभते आणि झुरणं जास्त असेल तर वरात खोटी वाटायला लागते. दिग्दर्शकाला यातलं एक निवडावं लागतं. दोन्ही हवं म्हटलं की शेवटच्या वीस मिनिटांत सिनेमाची फरफट होते. अचानक बाप विरघळतो, अचानक सावकार सुधारतो, आणि बघणाऱ्याला कळतं की घड्याळाकडं बघून कामं उरकलीत.

इतकं झाल्यावर तात्यांनी खरा मुद्दा काढला. म्हणाले, "पण आमच्या वेळच्या पिच्चरात लगीन व्हायचंच की. आता का होईना?"

याचं एक उत्तर सिनेमाच्या बाहेर आहे. २००१च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागं मुली होत्या ८५१. साताऱ्यात ८७८. राज्यात ९१३. ही पोरं तेव्हा अंगणवाडीत नाहीतर कडेवर होती, आज पंचविशी ओलांडून तिशीच्या आसपास आहेत. म्हणजे आपला गडी आणि त्याचे दोस्त. हजारात दीडशे कमी म्हणजे ढोबळ मानानं सात पोरांमागं एक. म्हणून मी पारावर सात जण बसवले होते.

हिशोब एवढ्यावर थांबत नाही. यंदा ज्याचं जमलं नाही तो यादीतनं उडत नाही, पुढच्या वर्षीच्या रांगेत उभा राहतो. पुढच्या वर्षीही पोरी कमीच, आणि आता मागचे शिल्लकही आहेत. रेशनच्या दुकानात पोती कमी आली की पहिल्या दिवशी दहा माणसं परत जातात, आठवड्यानं रांग चौकापर्यंत जाते, तसं. त्यात पोरीकडच्यांची अट असते, नोकरी हवी, शहर हवं, शक्यतो शेती नको. या अटीला हसणारे पुष्कळ भेटतात. मी हसत नाही. जिनं जन्मभर शेण काढलं, डोक्यावरनं पाणी आणलं, तिला वाटणारच की पोरीचं तसं होऊ नये. बाग किती एकर आहे हे पोराकडचे सांगतात. त्या बागेत डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला, आणि थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, दिवसभर उभं कोण राहणार हे सांगत नाहीत, ते तिला माहीत असतं.

पोरी गेल्या कुठं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा कायदा १९९४चा. २०१७च्या मार्चमध्ये आपल्याच मिरज तालुक्यात म्हैसाळला १९ स्त्रीभ्रूण पुरलेले सापडले. त्याआधी २०११च्या ऑक्टोबरात साताऱ्यात जिल्हा परिषदेनं एक कार्यक्रम केला होता. नकुसा, नकोशी अशी नावं ठेवलेल्या २८५ मुलींना त्या दिवशी नवी नावं दिली. त्यांतल्या बऱ्याच जणी आता लग्नाच्या वयात आल्या असतील. ज्या जिल्ह्यानं नकोशी म्हटलं त्याच जिल्ह्यात तिच्या दारात ओळखपत्र उलटं घालून पोरं उभी आहेत. हे मी लिहिलं तर लोक म्हणतील लेखकानं ओढूनताणून जुळवलंय. देशभर हळद पाठवणाऱ्या सांगलीत पोरांना हळद लागेना, हेही तसंच. २०२२च्या डिसेंबरात शेजारच्या सोलापुरात तर नवरदेवाच्या वेशात, घोड्यांवर बसून बिनलग्नाच्या पोरांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. बघणारे हसत होते. मोर्चातली काही पोरंही हसत होती.

आता सांगा, अशा गावात सिनेमा करणाऱ्यानं वरात कुठल्या तोंडानं काढायची? काढता येते, नाही असं नाही. पण एकाची वरात निघाली की कॅमेऱ्याला बाकीचे सहा दिसतात. डीजेपुढं सगळ्यात जोरात नाचणारे तेच असतात. तुम्ही कुठल्याही लग्नात बघा, घामानं शर्ट भिजेस्तोवर नाचणारा बहुतेक वेळा नवरदेवाचा बिनलग्नाचा दोस्त. जुन्या सिनेमात तो विनोदाला होता, त्याच्याकडं शेवटी कुणी बघत नव्हतं. आताचा दिग्दर्शक त्याच्या तोंडावर थांबतो. तिथं थांबलं की हसू घशात अडकतं, आणि मग "शेवट कळला नाही" अशी तक्रार येते. माझं मत, तो कळलेला असतो. आवडलेला नसतो.

मग असा शेवट वाचायचा कसा? यासाठी सिनेमाची शाळा लागत नाही. जत्रेत पाळण्यावर बसलेल्या पोराला जशी आपोआप कळते तशी फेरी ओळखायची. विनोद चालतो पुनरावृत्तीवर. तीच बशी, तेच पोहे, तेच "पगार किती?" पहिल्यांदा गोष्ट कळते, दुसऱ्यांदा हसू येतं, तिसऱ्यांदा ती येणार म्हणून आधीच हसू येतं. विनोदी सिनेमाचा खरा शेवट असतो ती फेरी पहिल्यांदा मोडते तिथं. आपल्या गोष्टीत पाहुणा होऊन बशीखाली बोटं लपवणारा माणूस यजमान होऊन ट्रे धरतो. बघणारा बघितला जातो. पोरीनं आजवर जेवढ्या वेळा ट्रे धरला असेल तेवढ्या वेळा तिचे हात असेच कुणीतरी बघितले असणार, हे न बोलता कळतं. त्या प्रसंगात "मला माफ कर" असलं एखादं वाक्य घातलं असतं तर सगळं मातीत गेलं असतं.

कॅमेरा शेवटी कशावर थांबला तेही बघायचं. गड्याच्या तोंडावर थांबला असता तर गोष्ट त्याच्या आशेची. पोरीच्या तोंडावर थांबला असता तर तिच्या निर्णयाची. कपावर थांबला, म्हणजे निर्णय अजून दोघांच्या मधोमध ठेवलाय. म्हशीचं ओरडणं मी उगीच घातलेलं नाही. इतका जड क्षण तसाच सोडला तर सिनेमा रडका होतो. म्हैस ओरडली की आपण पुन्हा विनोदी सिनेमात येतो. म्हशीला याचं काही पडलेलं नाही, तिची धारेची वेळ झालीय.

एवढं बोलून झाल्यावर एक कबूल केलं पाहिजे. प्रत्येक अर्धवट शेवट काही थोर नसतो. पुष्कळदा दिग्दर्शकाला पुढचं सुचलेलं नसतं आणि तो एसटी, रेल्वे, पतंग किंवा पाऊस यांतलं काहीतरी दाखवून उठून जातो. ओळखायची युक्ती सोपी आहे. पहिला प्रश्न सोडून दिला असेल तर दुसऱ्याचं उत्तर मिळालं का ते बघायचं. दोन्ही लोंबकळत असतील तर तात्यांचं बरोबर, हिशोब न देता पळालेत. तात्यांच्या मोबाईलवरचा तो एसटीवाला सिनेमा मी नंतर बघितला. पोरगी खिडकीतून बघते, पण दोन तास तिला स्वतःला काय हवंय याचा पत्ता सिनेमानं लागू दिलेला नव्हता. मग त्या बघण्यात आपण काय वाचायचं? तो शेवट मलाही पोकळ वाटला. हे तात्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

त्या रात्री तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, जाळ्यांखालून एक फेरी मारली, चार बेदाणे तोंडात टाकले आणि झोपायला गेले. पटलं की नाही काही बोलले नाहीत. मी सकाळच्या गाडीनं सांगलीला आलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन.

"अरे, त्या तुझ्या पिच्चरात तिनं च्या पिला का?"

म्हटलं, "तात्या, तिथं संपतो तो. कप दाखवून."

"ते कळलं मला. पण हात तरी लावला का कपाला? कारण नकार द्यायचा असला की माणूस च्याला हात लावत न्हाई. तुझ्या काकीला बघायला गेलो तवा मी आधी कप उचलला हुता, मग मान वर केली. तिच्या बापानं तिथंच वळखलं."

मी गप्प. मी रचलेल्या सिनेमात साय धरेपर्यंत चहा तसाच ठेवला होता आणि याचा विचारच केला नव्हता.

"साय धरली म्हणजे नकार झाला की रं," तात्या म्हणाले. "का ती नर्स हाय, पाळीवरनं आलीय, गरम पीत न्हाई?"